कुसाचे दगड, मंगळवेढ्याची माणसं

शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू होतं. परंपरा सांगते की महारवाड्यातली माणसं या कामावर वेठीला धरून आणली होती. दगड फोडायचे, वाहून आणायचे, मातीत बसवायचे आणि तट हात-दोन हात वर न्यायचा. एक दिवस चढत आलेलं कूस ढासळलं आणि माणसं त्याखाली गाडली गेली. नामदेव पंढरपुराहून आले, ढिगाऱ्यातून त्यांनी एकाच्या अस्थी ओळखून काढल्या, त्या पंढरपुरी नेल्या आणि विठ्ठलाच्या महाद्वारासमोर त्यांना समाधी दिली. तो मजूर म्हणजे चोखामेळा.

जुनं देऊळ किंवा जुना वाडा दिसला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणी बांधलं? उत्तरात राजाचं नाव येतं, नाहीतर मंत्र्याचं किंवा सरदाराचं. ज्याने पैसा मोजला तो बांधणारा आणि ज्याच्या खांद्यावरून दगड गेला तो बिननावाचा, हा हिशेब आपल्या अंगवळणी पडलाय. मंगळवेढ्याच्या त्या कुसाचा हिशेब मात्र उलटा लागला. काम काढणाऱ्या अंमलदाराचं नाव परंपरेने ठेवलं नाही. त्याखाली मेलेल्या मजुराचं नाव जवळजवळ सातशे वर्षं पंढरीच्या वाटेवर घेतलं जातंय.

सोलापूर जिल्ह्यातल्या या गावाची मध्ययुगीन बांधकामं पाहायला निघालं की हा उलटा हिशेब पदोपदी भेटतो. दगड पाहायचे असतील तर ते पुष्कळ आहेत, पण जागच्या जागी फार थोडे. माणसं मात्र सगळी जागेवर आहेत.

मोडलेली राजधानी

पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटर आणि सोलापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, भीमा आणि माण या नद्यांच्या टापूत मंगळवेढा वसलाय. काळी, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन आणि त्यात पिकणारी रब्बी ज्वारी ही आजची त्याची ओळख. इथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नऊशे वर्षांपूर्वीची ओळख वेगळी होती. कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक असलेल्या कलचुरी घराण्याची ही राजधानी. याच घराण्यातल्या बिज्जलाने ११५७ ते ११६२ या काळात आपल्या धन्याची सत्ता पायरीपायरीने बळकावली आणि कारभार कल्याणीला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला हलवला. कलचुरींचा तो डाव ११८४ च्या आसपास संपला. त्यानंतर हा मुलूख देवगिरीच्या यादवांकडे आला, यादव बुडाल्यावर दिल्लीच्या सुलतानांकडे, मग बहमनी, मग आदिलशाही.

डिसेंबर १६६५ मध्ये मिर्झाराजा जयसिंगाच्या विजापूर स्वारीत मंगळवेढ्याचा किल्ला मोगलांच्या हाती आला. पुरंदरच्या तहामुळे त्या स्वारीत शिवाजी महाराजही मोगलांच्या बाजूने होते. शेवटी पटवर्धनांच्या सांगली संस्थानात मंगळवेढा एक तालुका म्हणून राहिला आणि संस्थानं विलीन झाली तेव्हा सोलापूर जिल्ह्यात आला.

एवढ्या हातांतून गेलेल्या गावात जुनी इमारत अखंड राहणं अवघडच. कलचुरींच्या राजधानीत मोठी देवळं होती, यात शंका घ्यायला जागा नाही. त्यांचे अवशेष गावात जागोजाग दिसतात. पण देऊळ म्हणून उभे असलेले कमी आणि सुटे सुटे जास्त. भुईकोट किल्ल्याच्या बांधकामात जुन्या देवळांचे घडीव दगड वापरले गेले. कुठे कोरीव खांब पायरीला आडवा टाकलेला, कुठे मूर्ती पारावर टेकवलेली, कुठे वीरगळ शेंदूर लावून देव झालेला. अशा गावात चालताना भिंतीकडे पाहत चालावं लागतं. साध्या चिरेबंदीत मध्येच एखादा दगड असा येतो की त्याच्या कडेला कमळाची अर्धी पाकळी असते. उरलेली अर्धी पाकळी दुसऱ्याच भिंतीत गेलेली असते, नाहीतर कायमची फुटलेली.

याचा दोष एका राजवटीच्या माथी मारून मोकळं होता येतं. देवळं पाडली गेली हे खरं, आणि त्यांचे दगड लढाईच्या तटात गेले हेही खरं. पण घडीव दगड ही फार महागडी चीज होती. खाणीतून नवा दगड काढून, घडवून, बैलांनी ओढत आणण्यापेक्षा जवळ पडलेला उचलणं कोणालाही परवडायचं. रोमच्या कोलोसियमचा दगड शतकानुशतकं राजवाड्यांना आणि चर्चना गेला. युरोपातल्या कित्येक जुन्या चर्चचे खांब त्याआधीच्या रोमन देवळांचे आहेत. मंगळवेढ्यातही सुलतानाच्या किल्लेदाराने दगड उचलला, नंतरच्या वाडेवाल्याने उचलला आणि पाठोपाठ गावकऱ्यानेही उचलला. राजधानी गेली तरी गाव वसतं राहिलं, आणि वसत्या गावाने आपली राजधानी वापरून संपवली.

मातीने राखलेलं देऊळ

मग मध्ययुगात या मुलखात देऊळ कसं बांधत, हे कुठे पाहायचं? त्यासाठी भीमेच्या धारेबरोबर खाली जावं लागतं. दक्षिण सोलापूर तालुक्यात सीना नदी भीमेला मिळते तिथे हत्तरसंग कुडल आहे. इथली संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही देवळं चालुक्यकाळातली. संगमेश्वराचं देऊळ वापरात होतं. हरिहरेश्वराचं मात्र कित्येक पिढ्या मातीच्या आणि दगडांच्या ढिगाखाली होतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सोलापूरचे प्रा. गजानन भिडे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी आणि गावकरी यांनी तो ढीग उपसायला घेतला, तेव्हा त्यातून खांब, तुळया, मूर्ती आणि देवळाचा अख्खा तळ वर आला. त्याच कामात बहुमुखी शिवलिंग सापडलं. त्याच्या सर्वांगावर ओळींनी ३५९ मुखं कोरलेली आहेत. वजन साडेचार टनांच्या घरात.

मंगळवेढ्याशी तुलना केली की एक गोष्ट लख्ख दिसते. जे वस्तीत राहिलं ते मोडलं, जे मातीने गाडलं ते वाचलं. हरिहरेश्वराचे दगड कोणाच्या तटात गेले नाहीत, कारण ते कोणाला दिसतच नव्हते.

संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर एक छोटा शिलालेख आहे. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. हा उजेडात आणला सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी. त्याचा शेवट मराठीत आहे आणि वाचणाऱ्याला विजय चिंतून तो संपतो. शाळेत आपल्याला श्रवणबेळगोळचा लेख मराठीतला पहिला म्हणून शिकवला गेला. आता अलिबागजवळच्या अक्षीचा १०१२ चा आणि कुडलचा १०१८ चा असे दोन लेख त्या मानासाठी पुढे आहेत. पहिला कोण हा वाद अभ्यासकांवर सोपवू. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे की कन्नड राजवटीत, भीमेच्या काठी, देवळाच्या तुळईवर कोणीतरी मराठीत लिहीत होतं आणि वाचणारा येईल असं धरून चाललं होतं.

दगडावर दगड

कुडलला खांबाजवळ उकिडवं बसून पाहावं. अशी देवळं चुन्याशिवाय उभी राहत. तळाशी चौकोनी तळखडा, त्यावर खांबाचा चौकोनी भाग, मग कोपरे तासून केलेला अष्टकोन, मग गोल वलयं. वर शीर्ष आणि त्यावर चार दिशांना हात पसरलेले हस्त. काही ठिकाणी हस्तांच्या जागी कीचक असतात : पोट पुढे आलेले, गुडघे दुमडलेले, छताचा भार डोक्यावर घेऊन बसलेले ठेंगू यक्ष. खांब एकसंध दिसला तरी तो बहुधा तुकड्यांचा असतो. खालच्या तुकड्याला वर खुंटी, वरच्याला खाली खोबण. एकात एक बसली की वरचं ओझंच जोड घट्ट धरून ठेवतं. ओझं काढा, सांधा सुटतो. म्हणूनच तुळई सरकली की सगळा मंडप खाली येतो, आणि म्हणूनच ढिगाऱ्यातून मिळालेले तुकडे पुन्हा उभेही करता येतात.

छताची युक्ती आणखी सुरेख. चार खांबांवर चार तुळया टाकल्या की वर चौकोनी भोक उरतं. ते एका शिळेने झाकायला शिळा फार मोठी लागेल आणि मध्येच तडकेल. म्हणून चारही कोपऱ्यांत तिरके दगड टाकायचे. आत आधीपेक्षा लहान, वळलेला चौकोन तयार होतो. त्याच्या कोपऱ्यांत पुन्हा तिरके दगड. दोन-तीन थर झाले की उरलेली फट एका कमळशिळेने झाकता येते. गोल छत हवं असेल तर दगडांची वर्तुळं एकावर एक थोडीथोडी आत ओढत न्यायची. कमान कुठेच नाही, चुना नाही, लाकडाचा आधार फक्त बांधकामापुरता. सगळा खेळ वजनाचा आणि घासून बसवलेल्या पृष्ठभागांचा.

कुडलच्या हरिहरेश्वराला स्वर्गमंडप होता. कोल्हापूर जिल्ह्यात खिद्रापूरच्या कोपेश्वराला आहे तसा, मध्ये आभाळाला मोकळा असलेला. त्यातून आत जायचं, मग मुखमंडप, सभामंडप, अंतराळ आणि शेवटी गाभारा. बाहेर लख्ख ऊन. आत एकेक पाऊल टाकताना उजेड कमी होतो, छत खाली येतं, वाट अरुंद होते. गाभाऱ्याच्या दारात द्वारशाखांच्या कोरीव पट्ट्या, डोक्यावर ललाटबिंब आणि पायाखाली उंच उंबरठा. मान लववल्याशिवाय आत जाताच येत नाही, अशीच रचना.

अशा प्रत्येक देवळाला आपण ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतो. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा तेराव्या शतकातला, यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा करणाधिप, म्हणजे दफ्तरखात्याचा मंत्री. कुडलच्या तुळईवर लेख कोरला गेला तेव्हा त्याच्या जन्माला दोनशेहून अधिक वर्षं अवकाश होता. चुना न वापरता दगड बसवण्याची ही पद्धत त्याच्या कितीतरी आधीची. पण मंत्र्याचं नाव चिकटलं आणि पाथरवटांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची कारागिरी त्या एका नावाखाली गडप झाली.

उंबरठा कोणासाठी

मंडप, अंतराळ, गाभारा ही देवळाची शिडी होती आणि समाजाची शिडी त्यावर बरोबर बसत होती. कोण गाभाऱ्यापर्यंत जाणार, कोण मंडपात थांबणार, कोण दीपमाळेपाशी आणि कोण महाद्वाराच्याही बाहेर, हे दगडाने आधीच ठरवलेलं होतं.

पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात चौऱ्यांशीचा शिलालेख आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे १२७३ ते १२७७ या काळात देवळाला ज्यांनी दान दिलं, त्यांची नावं आणि रकमा त्यात आहेत. रामचंद्रदेव यादव आहे, हेमाडपंडित आहे, इतरही पुष्कळ दाते आहेत. त्यावर पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींतून सुटका होते अशी भाविकांची श्रद्धा. घासून घासून दगड गुळगुळीत झाला आणि अक्षरं झिजली. ज्यांनी कोरून घेतलं त्यांची नावं लोकांच्या पाठींनी पुसत आणली, आणि ज्याला या देवळात शिरायची मुभा नव्हती त्या चोखोबाची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, रोज हजारो हातांखाली आहे.

देवळाचं दार चोखोबाच्या लोकांसाठी उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं. साने गुरुजींनी १ मे रोजी उपोषण सुरू केलं, १० मे रोजी सोडलं आणि त्यानंतर विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्य मानलेल्यांना खुलं झालं. चोखोबा कुसाखाली गेल्याला तेव्हा सहाशे नऊ वर्षं झाली होती.

चोखोबा एकटे नव्हते, हेही मंगळवेढ्यात आलं की ध्यानात येतं. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका हे सगळे अभंग रचणारे. वेठीच्या कामावर जाणाऱ्या एका घरात एवढे कवी होते. त्यांच्या अभंगांतला देव देवळात कमी आणि ढोरं ओढताना, झाडलोट करताना, बाळंतिणीच्या उशाशी जास्त भेटतो. देवळाची शिडी चढता येत नसेल तर देवाने खाली यावं, असा हा रोकडा दावा होता.

या दाव्याआधी दीडेकशे वर्षं त्याच गावातून दुसरा दावा पुढे आला होता. बसवेश्वर बिज्जलाच्या खजिन्यात हिशेबनीस म्हणून मंगळवेढ्यात आले आणि उमेदीची कितीतरी वर्षं इथे राहिले. मग कल्याणीला जाऊन त्यांनी जे केलं ते जगाला माहीत आहे. स्थावर आणि जंगम यांत त्यांनी जंगमाच्या बाजूने कौल दिला. उभं राहणारं मोडतं, चालणारं टिकतं, ही त्यांच्या विचाराची बैठक, आणि देह हेच देऊळ मानणारं त्यांचं वचन कर्नाटकात शाळकरी पोरंही म्हणतात. राजाच्या तिजोरीतून देवळांना काय जातं हे ज्याने स्वतः वहीत मांडलं, त्याने दगडी देवळाकडे पाठ फिरवावी, यात नवल नाही. पुढे मंगळवेढ्यातल्या स्थावराचं काय झालं ते आपण पाहिलंच.

तिसरी कान्होपात्रा. मंगळवेढ्याच्या शामा नावाच्या नायकिणीची ही मुलगी. बिदरच्या सुलतानाचं बोलावणं आलं तेव्हा ती पंढरीला गेली आणि विठ्ठलाच्या पायाशी तिने प्राण सोडला, अशी कथा आहे. तिची समाधी मात्र देवळाच्या आवारात आहे. दारात मंगळवेढ्याचा महार, आत मंगळवेढ्याच्या नायकिणीची लेक. पंढरीच्या देवळाला मंगळवेढ्याने दगड दिले की नाही कोण जाणे, माणसं मात्र दोन दिली.

दार उघडणारा अंमलदार

मंगळवेढ्यात राजसत्तेचं एकच बांधकाम लोकांच्या प्रेमाला पात्र झालं : दामाजीपंतांचं धान्याचं कोठार. तेही बांधलं म्हणून नव्हे, उघडलं म्हणून.

दामाजीपंत हे बहमनी अमलातले मंगळवेढ्याचे अंमलदार. दुष्काळ पडला, माणसं मरू लागली आणि पंतांनी सरकारी कोठारं लुटवली. कथेत या दुष्काळाला दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणतात. तो १३९६ पासून बारा वर्षं टिकला असं मानलं जातं. पण बहमनींची राजधानी बिदरला गेली ती १४२० च्या दशकात, आणि कथेतला सुलतान तर बिदरचा. म्हणून १४६० च्या सुमाराचा दुष्काळ हा दामाजीपंतांचा, हे जास्त जुळतं. जुन्या सरकारी कागदांतही त्या दुष्काळाला दामाजीपंताचंच नाव दिलेलं आढळतं. सुलतानी राजवटीतला दुष्काळ सुलतानाच्या नावाने ओळखला गेला नाही, अंमलदाराच्या नावाने ओळखला गेला.

या भागात धान्य साठवायचं ते पेवात. काळ्या रानात पेव चालत नाही, ओल शिरते. त्यासाठी पांढरीची किंवा मुरमाड, कोरडी जागा धरायची. वरून माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत पोट मोठं. तळाला आणि कडेला कडब्याचं, भुसकटाचं अस्तर, मग ज्वारी, वर पुन्हा भुसकट, तोंडावर दगड आणि चिखलाचं लिंपण. हवा आत जात नाही म्हणून कीड जगत नाही, आणि ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. आतल्या वाफेने माणूस गुदमरतो. तोंड मोकळं ठेवायचं, दिवा सोडून पाहायचा, दिवा तेवत राहिला तर माणूस उतरायचा. हे बांधकाम जमिनीखालचं, बिननक्षीचं, कोणाच्याही शिलालेखाविना असलेलं. पण दुष्काळात त्याचं तोंड उघडणारा हात गावाने विसरला नाही.

कथेचा पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे. पंतांना बेड्या पडल्या, आणि विठ्ठलाने विठू महाराचं रूप घेऊन बिदरच्या दरबारात धान्याचे पैसे भरले. महिपतीबुवांनी अठराव्या शतकात ‘भक्तविजया’त ही कथा सांगितली आणि ती घरोघर गेली. तिच्यातली एक गोष्ट मंगळवेढ्यात उभं राहून ऐकली की जास्त टोचते. ब्राह्मण अंमलदाराला सोडवायला देवाने राजाचं, सरदाराचं, शेट-सावकाराचं कोणतंही रूप घेतलं असतं. घेतलं ते महाराचं. ज्या गावाच्या कुसाने चोखोबाला मारलं, त्याच गावाच्या कथेत देव कुसाबाहेरच्या माणसाचं रूप घेऊन आला. लोकांच्या स्मृतीने केलेली ही परतफेड समजावी.

बादशहाचा तळ

मंगळवेढा–सोलापूर रस्त्यावर भीमेकाठी माचणूर आहे. नदीकडे उतरणारा घाट, सिद्धेश्वराचं देऊळ, पात्रात जटाशंकराचं लहानसं देऊळ आणि शेजारी औरंगजेबाचा किल्ला. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी इथे पाय ठेवायला जागा नसते.

१६९५ मध्ये औरंगजेबाने शेजारच्या ब्रह्मपुरीला तळ दिला, गावाचं नाव बदलून इस्लामपुरी केलं आणि १६९९ पर्यंत तिथूनच हिंदुस्थानचा कारभार हाकला. त्या काळात काबूलपासून दक्षिणेपर्यंतचे हुकूम मंगळवेढ्याच्या या शेजारगावातून सुटत होते. चार वर्षं राहूनही मराठे आवरले नाहीत, तेव्हा तो स्वतः किल्ले घ्यायला साताऱ्याकडे निघाला. १ ऑक्टोबर १७०० च्या रात्री खवासपूरच्या तळावर माणेला अवचित पूर आला. छावणी वाहून गेली, बादशहाचा गुडघा निखळला आणि उरलेलं आयुष्य तो लंगडत राहिला. माणेसारख्या एरवी कोरड्या नदीने हे केलं, याचं कौतुक या भागात अजून आहे.

आज माचणुरात बादशहाचा किल्ला ओस आहे आणि देवळात दिवा आहे. देवळाविषयी औरंगजेबाच्या आख्यायिका गावात अनेक आहेत आणि त्यांत दर वेळी देवच जिंकतो. ब्रह्मपुरी पुन्हा ब्रह्मपुरी झाली.

शिखरावरचं मुंडासं

दिवाळीच्या दिवसांत मंगळवेढा तालुक्यात असाल तर हुलजंतीला जा. कर्नाटकाच्या सीमेवरचं हे गाव. इथे मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात येतात. महालिंगराया हा इथला देव, हुन्नूरचा बिरोबा त्याचा गुरू. दिवाळीच्या अमावास्येच्या रात्री साक्षात शंकर-पार्वती येऊन महालिंगरायाच्या शिखराला मुंडासं बांधतात, अशी धनगर समाजाची श्रद्धा आहे. सकाळी शिखराला गुंडाळलेलं मुंडासं दिसतं आणि माणसं ते पाहायला रात्रीपासून जागत असतात. त्यानंतर गावोगावच्या देवांच्या पालख्यांची भेट होते. ढोल-कैताळाचा कल्लोळ, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं, पालख्यांवर उधळलेलं खोबरं, खारीक आणि लोकर. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तेलंगण अशा चार राज्यांतून लोक येतात.

देवळाच्या शिखराला माणसासारखं मुंडासं बांधणं ही कल्पनाच मुळात कुडलच्या पाथरवटाला आणि कल्याणीच्या बसवण्णाला एका ओळीत बसवणारी आहे. पाथरवटाने देवळाच्या अंगांना पाय, जांघ, खांदा, ग्रीवा अशी माणसाची नावं दिली. बसवेश्वरांनी माणसाच्या अंगालाच देऊळ म्हटलं. हुलजंतीचे धनगर मेंढराच्या मागे चालणारे, जंगम म्हणावेत असे. त्यांनी देवळाला आपल्यातलाच एक करून टाकलंय. वर्षातून एकदा त्याला नवं मुंडासं मिळतं, जसं घरातल्या म्हाताऱ्याला दिवाळीत मिळतं.

आता काय करायचं

मंगळवेढ्यात बसवेश्वरांच्या आणि चोखोबांच्या स्मारकांची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. ती व्हावीत, चांगली व्हावीत. पण ज्या गावात त्या काळातला दगड अजून भिंतीत, पारावर, विहिरीच्या कडेला आहे, तिथे नवी संगमरवरी भिंत उभारताना जुना दगड हरवू देणं हा शुद्ध नादानपणा ठरेल. सुलतानांनी जेवढं मोडलं, त्याच्या तोडीचं आपण गेल्या पन्नास वर्षांत जीर्णोद्धाराच्या नावाखाली मोडत आलोय. कोरीव खांबाला ऑइलपेंट, द्वारशाखेवर सिमेंटचा गिलावा, दगडी फरशीवर ग्रॅनाइट, जुन्या मूर्तीच्या जागी बाजारातली नवी आणि जुनी नदीत. ऑइलपेंटखाली दगडाचा श्वास कोंडतो, आत ओल धरते आणि कोरीव काम पापुद्र्याने सुटतं. सिमेंटचंही तेच. चुन्याविना बसवलेल्या बांधकामाला थोडं हलायला जागा लागते. सिमेंटने ती जागा बंद केली की तडा दगडालाच जातो.

करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. तालुक्यातल्या प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतले वीरगळ, सतीशिळा, सुटे खांब, मूर्ती आणि लेख असलेले दगड यांची वही करावी : फोटो, जागा, मोजमाप. शाळेची आठवी-नववीची पोरं हे एका सहामाहीत करू शकतात. कुडलला विद्यार्थ्यांनीच ढीग उपसला होता. पाया खणताना किंवा शेतात नांगराला मूर्ती लागली तर ती सरकारला कळवणं हा कायदा आहे. राज्याचा प्राचीन स्मारकांचा १९६० चा कायदाही आहे. देवळाचा जीर्णोद्धार काढायच्या आधी खात्याचा माणूस आणि वास्तूचा जाणकार यांना एकदा दाखवा. देवाला नवं घर द्यायचं असेल तर जरूर द्या, पण जुनं घर दगडाच्या भावाने विकू नका.

आणि वहीत एक रकाना पाथरवटांचा, वडारांचा, बेलदारांचा ठेवा. गावात कोणाच्या घरी छिन्नी-हातोडीचं काम चालत होतं, कोणत्या आळीने कोणत्या देवळाचे दगड घडवले, याच्या आठवणी म्हाताऱ्या माणसांकडे अजून आहेत. त्या माणसांबरोबर त्या जातील. दात्यांची नावं लिहायला हजार वर्षं माणसं मिळाली. मजुरांची नावं लिहिणारा गाव मंगळवेढ्याशिवाय दुसरा कोणता असावा?